माशीच्या चारशे बारा प्रती

जावकरावांनी आयुष्यात जे मोजके निर्णय स्वतःच्या अधिकारात घेतले, त्यांतला हा सर्वांत लहान. त्यांनी ठरवलं, की यापुढे घरातल्या माशीच्या तीन प्रती ठेवायच्या.

जावकराव हे त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्यांनी ऑफिसबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक घातला. तेवढ्या काळात त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. निवृत्त झाल्यावर हजेरीपटही संपला. (बायको 'अहो' म्हणते. चिडली की तीही जावकरावच म्हणते.)

आणि माशी म्हणजे चित्रातली माशी. बाई, म्हणजे जावकरावांच्या पत्नी, कीटकांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत चित्रकार होत्या. सूक्ष्मदर्शकाला एक डोळा लावायचा, दुसरा कागदावर ठेवायचा आणि झुरळाच्या पायावरचे काटे मोजून काढायचे, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी जावकरावांच्या भुवयांचे केस मोजून दोन्हीकडचा आकडा जुळत नसल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून जावकराव आरशात जरा तिरकेच बघतात.

दोन वर्षांपूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं आठ दिवसांत परत आलं (जावकरावांच्या मते सहाच), पाय तीन महिन्यांत आला, हात मात्र आला तो थरथरत. चहाचा कप धरता येई. माशीचा केस धरता येत नसे. परगावी राहणाऱ्या लेकीने तेव्हा एक ड्रॉइंग टॅबलेट पाठवून दिला. काळी गुळगुळीत पाटी, तिच्यावर एक जाडसर पेन फिरवायचं, रेघ समोरच्या कॉम्प्युटरवर उमटते.

"आई, तुझा हात हलला तरी सॉफ्टवेअर रेघ सरळ करतं," लेक फोनवर म्हणाली.

"मग ती रेघ माझी की त्याची?" बाईंनी विचारलं.

लेकीने विषय बदलला. पण बाई पाटीपुढे बसल्या, कारण किडेमास्तर मरायला टेकले होते.

किडेमास्तर म्हणजे त्या संस्थेतले जुने शास्त्रज्ञ. माणूस मेल्यावर त्याच्या देहावर कोणता कीटक केव्हा येतो, कुठे अंडी घालतो आणि त्यावरून मृत्यूची वेळ कशी सांगायची, या विषयात त्यांनी हयात घालवली होती. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकाला चाळीस चित्रं लागणार होती. एकोणचाळीस बाईंनी झटका येण्याआधी शाईने काढून दिली होती. चाळीसावं राहिलं. ते सगळ्यांत महत्त्वाच्या माशीचं, म्हणजे देहावर सगळ्यांत आधी पोचणाऱ्या निळसर माशीचं. मास्तरांनी ती शेवटी ठेवली होती. चांगली वस्तू शेवटी, असा त्यांचा शिरस्ता. आता त्यांचं यकृत संपत आलं होतं. डॉक्टरांनी दीड-दोन महिने सांगितले होते आणि मास्तर स्वतः या विषयातले जाणकार असल्यामुळे त्यांना फसवणं कोणालाही शक्य नव्हतं.

रोज सकाळी नऊला त्यांचा फोन येई.

"बाई, माशी कुठवर आली?"

"पंख झाले, मास्तर. छातीवरचे केस चाललेत."

"जरा उरका. तुमची माशी आधी यायला हवी. नाहीतर खरी पोचेल."

आणि ते हसत. मग खोकत. मग त्यांची मुलगी फोन काढून घेई.

पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि बाईंचा एक पंख गेला. अख्ख्या सकाळचं काम.  बाईंनी पंख पुन्हा काढायला घेतला. पण जावकरावांना ते सहन झालं नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षांत एकही कागद तीन प्रतींशिवाय पुढे सरकू दिला नाही, त्याच्या घरात माशीचा पंख एका प्रतीत राहतो, ही गोष्ट त्यांना निवृत्तीनंतरच्या अधःपाताची खूण वाटली.

त्यांनी लेकीला फोन करून दोन तास डोकं खाल्लं. शेवटी तिने सांगितलेला एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बसवला. तो दर वीस मिनिटांनी आपण होऊन माशीची एक प्रत कॉम्प्युटरवर, एक जुन्या हार्ड डिस्कवर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवी. पेनड्राइव्ह निरोप समारंभात ऑफिसने दिला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत 'सेवागौरव' लिहिलं होतं आणि आजवर त्यात ठेवण्यासारखं काहीही जावकरावांच्या आयुष्यात घडलं नव्हतं.

"बाबा, नव्या प्रतीवर जुनी पुसली जाईल असं ठेवा हं," लेक म्हणाली.

"पुसायची?" जावकरावांचा आवाज चढला. "अभिलेख नष्ट करायला वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते."

"वरिष्ठ कोण आहे घरात?"

"तो प्रश्न नाही." (तोच प्रश्न होता.)

त्यांनी एकही प्रत न पुसण्याचा पर्याय निवडला आणि प्रत्येक प्रतीला जावक क्रमांक दिला. माशी क्रमांक एक. माशी क्रमांक दोन. बाईंना यातलं काही सांगितलं नाही. उगाच कामात व्यत्यय कशाला?

चार-पाच आठवडे सुरळीत गेले. बाई दहाच्या ठोक्याला कॉम्प्युटर सुरू करत, म्हणजे संस्थेत जात त्याच वेळेला, आणि चार तास बसत. बाजूच्या स्टुलावर जावकराव वर्तमानपत्र घेऊन बसत. माशी भरत चालली. तिच्या अंगावरचा एकेक केस वेगळा, त्याची सावली वेगळी. चित्र इतकं जड झालं की उघडताना कॉम्प्युटर म्हाताऱ्या माणसासारखा गुडघ्यावर हात टेकून उठे.

आणि एका सकाळी रेघ मध्येच थांबली.

बाई केस काढत होत्या. पेन पुढे गेलं, रेघ मागे राहिली. त्यांनी पुन्हा पेन ओढलं. पडद्यावर काही नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून पाहिला, एखादी परकी वस्तू उचलावी तसा.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हात गेला."

जावकरावांच्या हातून वर्तमानपत्र पडलं. "कुठे गेला? हा काय! बोटं हलव. हलली! कॉम्प्युटर हँग झालाय, बाकी काही नाही."

"मागच्या वेळीही बोटं हलत होती. रेघच निघत नव्हती."

झटका आला त्या सकाळीही बाई चित्रच काढत होत्या. तेव्हाही रेघच आधी थांबली होती. तोंड वाकडं व्हायला पुढे पाच मिनिटं लागली. म्हणून या सकाळी त्या पाच मिनिटं आरशासमोर उभ्या राहिल्या. जावकराव मागे उभे होते. तोंड वाकडं झालं नाही. परत येऊन पाहतात तर रेघ पुढे सरकलेली होती. पण बाईंनी त्या दिवशी पुन्हा पेन धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेघ चारदा थांबली. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर तीन-तीन मिनिटं गप्प बसू लागला आणि एकदा तर बटण दाबून मारावाच लागला.

मग जावकराव कामाला लागले. अशा वेळी माणसं घाबरतात, चिडतात, वस्तूला थोबाडीत मारतात. जावकरावांनी रजिस्टर उघडलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कडांचं. रकाने असे: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, हँग राहिल्याचा कालावधी, पंखा चालू की बंद, फ्रीज चालू की बंद, खोलीत हजर व्यक्ती, हवामान, शेरा. पहिल्या आठवड्यातच तेहेतीस नोंदी झाल्या. त्यांवरून त्यांनी फ्रीजवर संशय घेतला आणि तो दोन दिवस बंद ठेवला. कॉम्प्युटर हँग होत राहिला. दूध मात्र नासलं. मग पंखा बंद केला. मग शेजारच्या शिंप्याच्या मशिनवर संशय गेला आणि ते भिंतीला कान लावून बसले.

"अहो, काय ऐकताय?"

"तो शिवायला लागला की आपलं बंद पडतं का, ते बघतोय."

"आज त्याचं दुकान बंद आहे."

जावकरावांनी ती नोंद खोडली.

लेकीने फोनवरून टॅबलेटची वायर बदलायला सांगितली. बदलली. दुसऱ्या भोकात घालायला सांगितली. घातली. टॅबलेटचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला सांगितलं. त्यांनी ते तीनदा टाकलं. (एकदा टाकून काम झालं असेल याची खात्री काय?) शेवटी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. या चाळिशीच्या, जाड चष्म्याच्या. त्या कॉम्प्युटरकडे अशा बघत की घरच्यांनी नातेवाइकांना कळवायला हरकत नाही असं वाटावं.

त्यांनी डबा उघडला. आत धूळ होती आणि धुळीत एक मेलेली माशी.

"हं," त्या म्हणाल्या आणि माशी चिमटीत धरून खिडकीकडे निघाल्या.

"थांबा! टाकू नका!" बाई ओरडल्या. त्यांनी भिंग आणलं, माशी उलटीसुलटी केली आणि परत दिली. "टाका. ही साधी घरातली आहे. आपली नव्हे."

दुरुस्तीवाल्या बाई त्यानंतर या घरात फारसं बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी पेनड्राइव्हकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय लावलंय?"

"सेवागौरव," जावकराव म्हणाले.

त्यांच्या आवाजात असं काही होतं की दुरुस्तीवाल्या बाईंनी मान लववली, पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क अदबीने काढून टेबलावर ठेवली आणि कॉम्प्युटर पाटीसकट दुकानात नेला. "दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवते," म्हणाल्या.

दोन दिवस तो तिथे ठणठणीत चालला. एकदाही हँग झाला नाही. घरी आणून जोडला, जावकरावांनी डिस्कसकट सेवागौरव परत जागेवर बसवला, आणि दुसऱ्या सकाळी वीस मिनिटांत कॉम्प्युटर गप्प!

"मशिनमध्ये काही दोष नाही," दुरुस्तीवाल्या बाई फोनवर म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "काम कोण करतं त्यावर?"

फोन स्पीकरवर होता.

जावकरावांनी तो घाईघाईने बंद केला, पण वाक्य खोलीत राहिलं. ते घालवण्यासाठी त्यांनी ताबडतोब एक प्रयोग केला. (या माणसाच्या हातून आयुष्यात झालेले प्रयोग दोन. पहिला, शर्टाला इस्त्री करण्याचा.) म्हणाले, "तू ऊठ. मी बसतो. माझ्या हातूनही हँग होतो का बघ. झाला की तुझी खात्री पटेल."

ते बसले. त्यांनी एक भोपळा काढला. भोपळ्याला डोळे काढले. मिशा काढल्या. बाई शेजारी उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या आणि जावकराव मनातल्या मनात कॉम्प्युटरची विनवणी करत होते, बंद पड रे बाबा, आता तरी बंद पड. चांगला पाव तास त्यांनी भोपळा रंगवला. रेघ लोण्यासारखी चालली होती. शेवटी काढण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ते उठले.

बाईंनी त्यांच्या जागी बसून पेन धरलं. तीन मिनिटांत रेघ थांबली.

बाई उठल्या. पेन त्याच्या डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली. पाटीवर जुनी ओढणी घातली. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे केलं की जावकरावांना त्यांनी काहीतरी फेकलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी तुला सांगतो..."

"नका सांगू," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे तुम्ही सगळे मिळून मला समजावताय. कॉम्प्युटर आहे, वायर आहे, फ्रीज आहे. दुकानात चालतो. तुमच्या हाताखाली चालतो. माझ्या हाताखाली बंद पडतो. मला कळतं."

त्यांनी किडेमास्तरांच्या घरी फोन लावला. मास्तर झोपले होते; मुलीने घेतला. "माझ्याकडून पुढे होत नाही," बाईंनी सांगितलं. "सहा पाय झालेत, पोटावरचे केस राहिलेत. कोपऱ्यातली लहान माशीही राहिलीय. दुसऱ्या कोणाला तरी द्या."

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तोच कीटक त्याच्या मूळ आकारात काढायचा, अशी संस्थेची पद्धत होती. म्हणजे मधली माशी वीतभर आणि कोपऱ्यातली करंगळीच्या नखाएवढी. वीतभर माशी कोणीही काढेल, नखाएवढीत हात कळतो, असं बाई पूर्वी म्हणत.

मुलगी म्हणाली, संस्थेतली एक चित्रकार उद्या सकाळी दहाला येऊन चित्र घेऊन जाईल. मास्तरांना मात्र तीच सवडीने सांगेल.

त्या दुपारी बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि जावकराव दुसऱ्या खोलीत रजिस्टर घेऊन बसले. त्यांना वाटलं, तक्रार आणखी मोठ्या दुकानात न्यावी आणि सोबत रजिस्टरची सुवाच्य प्रत जोडावी. दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. त्यांनी कागदाखाली दोन कार्बन घातले आणि लिहायला सुरुवात केली.

इथे जावकरावांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो रजिस्टरं भरली, पण भरलेलं रजिस्टर स्वतः कधी वाचलं नव्हतं. रकाने भरणं हे कारकुनाचं काम. वाचणं साहेबांचं. (साहेबही वाचत नसत, पण ती त्यांची जबाबदारी होती.) हेही रजिस्टर त्यांनी अत्यंत निष्ठेने भरलं होतं आणि त्याच निष्ठेने वाचलं नव्हतं.

प्रत उतरवताना तीच नोंद खाली आली, की कारकून 'वरीलप्रमाणे' लिहितो आणि हात वाचवतो. जावकराव पंख्याच्या रकान्यात कधी लिहीत होते, हवामानात कधी लिहीत होते. तिसऱ्या पानावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण वेळेच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहितो आहोत.

त्यांनी पेन थांबवलं. मागचं पान उलटलं. दहा वीस. दहा चाळीस. अकरा. अकरा वीस. अकरा चाळीस. काल, परवा, त्याच्या आदल्या दिवशी. वीस, चाळीस, पूर्ण. वीस, चाळीस, पूर्ण. दोन दिवस नोंद नाही, ते दुकानातले. भोपळा काढायला ते बसले तेव्हा दहा बेचाळीस झाले होते आणि उठले तेव्हा दहा सत्तावन्न.

दर वीस मिनिटांनी या घरात नेमकं काय होतं, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस कार्बनवर कोपर टेकून बसला होता.

जावकराव चोरपावलांनी कॉम्प्युटरपाशी गेले. पेनड्राइव्ह उघडून पाहिला. माशी क्रमांक चारशे बारा. चारशे बारा माश्या त्या सोनेरी अक्षरांच्या पेनड्राइव्हमध्ये दाटीवाटीने कोंबल्या होत्या आणि तसूभर जागा उरली नव्हती. दर वीस मिनिटांनी बिचारा कॉम्प्युटर हातातलं काम टाकून आणखी एक आत ढकलायला जाई आणि दारातच अडकून पडे. त्यांनी पेनड्राइव्ह उपटला, हार्ड डिस्क उपटली, तो प्रोग्रॅम बंद केला आणि तासभर एकामागून एक भोपळे काढले. कॉम्प्युटर हूं की चूं न करता चालला.

आता खरं म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन सांगायचं होतं. जावकराव गेलेही. बाई उठून चहा टाकत होत्या.

"चालू झाला!" ते म्हणाले. "आपोआप!"

(भित्रेपणाला मराठीत इतका सोयीस्कर शब्द दुसरा नाही.)

बाईंनी मागे वळून पाहिलंही नाही. "आज आपोआप झाला. उद्या आपोआप जाईल. हातही आपोआपच आला होता."

"अगं पण..."

"चहा घ्या."

जावकरावांनी चहा घेतला.  उद्या सकाळी दहाला चित्र जाणार होतं आणि बाई यापुढे जन्मभर एक हात मेलेला आहे असं समजून जगणार होत्या, कारण त्यांच्या नवऱ्याला पाच शब्द तोंडातून काढता येत नव्हते. तोंडातून येत नाही ते कागदावर येतं, हा त्यांचा जुना अनुभव. ते खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने एक कागद घेऊन आले.

बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला.

"विषय: कॉम्प्युटर हँग होण्याबाबत. संदर्भ: आपले गेले तीन आठवडे. महोदया, सविनय सादर करण्यात येते की, सदर बिघाडास आपला उजवा हात जबाबदार नसून निम्नस्वाक्षरीकार जबाबदार आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने माशीच्या दर वीस मिनिटांनी तीन प्रती घेण्यात आल्या..."

त्या थांबल्या. "घेण्यात आल्या? कोणी घेतल्या?"

"मी."

"मग तसं लिहा."

जावकरावांनी कागद घेतला, 'घेण्यात आल्या' खोडलं आणि वर 'मी घेतल्या' असं लिहिलं. एकतीस वर्षांच्या पत्रव्यवहारात 'मी' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला. अक्षर जरा हललं.

बाईंनी सोबत जोडलेलं रजिस्टर पाहिलं. झुरळाच्या पायावरचे काटे मोजणारा डोळा. त्यांना एक पान पुरलं.

"वीस, चाळीस, पूर्ण," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझा हात घड्याळ बघून मरत होता."

"हो. म्हणजे नाही."

"तीन आठवडे मी रोज सकाळी बारा वेळा मेले. आणि तुम्ही स्टुलावर बसून वेळ लिहीत होतात?"

 जावकरावांकडे बोलण्यासारखं एकच होतं, की वेळ अचूक लिहिली. ते त्यांनी गिळलं.

बाई रागावल्या असतील, हसल्या असतील, असं वाचकांना वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी कपाट उघडलं, डबी काढली, पाटीवरची ओढणी काढून जावकरावांच्या अंगावर टाकली आणि बसल्या. "स्टूल बाहेर न्या," एवढंच म्हणाल्या. "तुमच्यासकट."

दुसऱ्या सकाळी चित्र न्यायला आलेल्या चित्रकार मुलीला जावकरावांनी दारातच चहा पाजून परत पाठवलं. चौथ्या दिवशी पोटावरचा शेवटचा केस झाला. राहिली कोपऱ्यातली लहान माशी. ती बाईंनी पाटीवर काढलीच नाही. चित्र जाड कागदावर छापून आणलं, पूर्वीची शाई आणि बारीक निब काढली, उजव्या हाताचं कोपर उशीवर टेकवलं आणि श्वास रोखून ती माशी थेट कागदावर काढली. तिथे रेघ सरळ करायला कोणी नव्हतं. दाराच्या फटीतून जावकराव बघत होते. तेही श्वास रोखून होते; बाईंना एक माशी काढायला अर्धा तास लागला, तेवढ्यात ते दोनदा भिंतीला टेकले.

त्याच दुपारी दोघं चित्र घेऊन किडेमास्तरांकडे गेले. मास्तर उशीत बुडाले होते, पिवळे आणि एवढेसे. मुलीने त्यांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी माशीवरून भिंग फिरवायला सुरुवात केली, पंखाच्या शिरा मोजल्या, छातीवरचे केस मोजले. खोलीत फक्त त्यांचं ओठांतलं मोजणं ऐकू येत होतं. मग भिंग कोपऱ्यात आलं आणि तिथेच राहिलं.

"ही छापलेली नाही," मास्तर म्हणाले.

"नाही."

"कशाने काढली?"

"हाताने."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "मग हात आहे की. मुलगी सांगत होती, गेला म्हणून." जरा दम घेऊन म्हणाले, "आली एकदाची. आता खरीने यायला हरकत नाही. हा कागद राहू दे माझ्यापाशी."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. या वेळी मास्तरांचा नव्हता.

जावकराव आणि बाई पोचले तेव्हा खोलीत वीस-पंचवीस माणसं उभी होती. संस्थेतले जुने लोक, शेजारी, कोपऱ्यात पोलिसांचे दोन निवृत्त अधिकारी. किडेमास्तर पांढऱ्या चादरीखाली छातीपर्यंत झाकलेले, हात छातीवर जुळवलेले, त्यावर फुलं. मुलगी उशाशी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळे म्हणत होते, रडली तर बरं होईल.

जावकरावांना अशा ठिकाणी काय करावं कधीच सुचत नसे. आज तर त्यांना अपराधी वाटत होतं. त्यांच्या तीन प्रतींनी या माणसाचे तीन आठवडे खाल्ले होते. आपल्याकडून काहीतरी सेवा घडावी, लहानशी का होईना, असं त्यांना फार वाटू लागलं. ते पायांशी उभे राहिले, हात जोडले, मान वर केली, आणि त्यांना दिसलं.

मास्तरांच्या छातीवर, फुलांच्या अगदी कडेला, माशी बसली होती.

जन्मभर ज्या माशीची वाट पाहिली ती आली, हा विचार त्यांच्या अंगावर काटा आणून गेला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आदराने, आवाज न करता, एकदा फडकवला. माशी हलली नाही. त्यांनी पुढे वाकून पुन्हा फडकवला. दोन फुलं उडाली. माशी तशीच. माणसं बघायला लागली. जावकरावांनी दात आवळले, रुमालाची गुंडाळी केली आणि हात उगारला.

तो बाईंनी वरच्या वर धरला. उजव्या हाताने.

"अहो," त्या हळू म्हणाल्या, "ती उडायची नाही. माझी आहे."

उडालेल्या फुलांखालून कागदाचा कोपरा दिसत होता. पांढऱ्या चादरीवरचा पांढरा कागद. वीतभर माशी मास्तरांच्या हातांखाली आणि नखाएवढी तेवढी बाहेर.

उशाशी बसलेली मुलगी एकदम हसली. फस्सकन, तोंडावर हात ठेवून. हसता हसता तिला रडू आलं आणि मग ते थांबेना. बायका तिच्याभोवती जमल्या. पोलिसांपैकी एकजण खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. कशाने, ते सांगता येणार नाही.

बऱ्याच वेळाने मुलगी डोळे पुसत म्हणाली, "कागद बाबांबरोबरच जाऊ दे. पुस्तकासाठी तुमच्याकडे प्रत असेलच ना?"

या प्रश्नासाठी जावकराव एकतीस वर्षं थांबले होते. त्यांची छाती आपोआप पुढे आली. खिशातल्या सेवागौरवाला हात लावून ते म्हणाले, "चारशे बारा आहेत!"

"ही माशी त्यातल्या एकाही प्रतीत नाही," बाई म्हणाल्या. मग मुलीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "राहू दे त्यांच्यापाशी. मी दुसरी काढते."

घरी आल्यावर जावकरावांनी लाल कडांचं रजिस्टर उघडलं आणि शेवटची नोंद घातली. माशी, एक. मूळ आकार. जावक. प्रती: नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते पाणी प्यायला उठले.

परत येऊन पाहतात तर शेरा लिहिलेला होता. बाईंच्या अक्षरात, एकही रेघ न हलता, बारीक निबाने:

'कारकुनाने हाकलून पाहिली.'